अकरा कोंबडे, कोंबडी एकही नाही – एकत्र कसे नांदवावेत?

मोसंबीच्या_सावलीत

नमस्कार मंडळी. अंबडजवळच्या एका गावात आमची दीड एकर मोसंबीची बाग आहे, घर बागेतच. मी प्राथमिक शाळेत शिकवते. सध्या माझ्याकडं अकरा कोंबडे आहेत. कोंबडी एकही नाही आणि आणायचीही नाही, कारण मला पिल्लं काढून विकायची नाहीत की कुणाला कापायला द्यायची नाहीत.

पहिला भेटला तिठ्यावर. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघाले होते. पायाला सुतळी, पाठीवर हळदी-कुंकू, बाजूला नारळ आणि कापलेली लिंबं. उताऱ्याचा होता. येणारे-जाणारे लांबून वळसा घालत होते आणि तो मान खाली टाकून उन्हात पडला होता. सुतळी इतकी घट्ट होती की पायावर वळ उठला होता. ती सोडली, डब्याच्या पिशवीत घालून शाळेत नेला. पोरांनी नाव ठेवलं सरपंच. तोच आज सगळ्यांचा म्होरक्या आहे.

पुढं बाजारात रंगवून विकतात त्या पिल्लांपैकी पाच आले. पोरांनी हौसेनं घेतलेले आणि आठ दिवसांत घरच्यांना नकोसे झालेले. दोन आले शेजारच्या वस्तीवरून, घर सोडून पुण्याला गेलेल्यांचे. हे आठही जण एकत्र वाढले, काही त्रास नव्हता. माघात आणखी तीन मोठे कोंबडे आले आणि तिथून बिनसलं. समोरासमोर येतात, मानेची पिसं छत्रीसारखी फुलवतात, चोची जमिनीला टेकवून एकमेकांकडं टक लावतात आणि मग उडीच घेतात. परवा हिरव्याच्या (रंग कधीच गेला, आता पांढराशुभ्र आहे, नाव तेच राहिलं) तुऱ्यातून इतकं रक्त आलं की भिंतीवर शिंतोडे उडाले.

गावात ज्याला विचारावं तो सांगतो, कोंबड्या आणा, आपोआप गप होतील. मला ते पटत नाही. पण माझं चुकत असेल तर सांगा. नुसते कोंबडे एकत्र नांदू शकतात का? आणि उन्हाळा तोंडावर आलाय, त्याचं काय करावं? शेजारच्या आजोबांची पहाटेच्या आरवण्याबद्दल तक्रार आहे, तीही खोटी नाही.

बांधावरचा

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. तुम्ही अकरा घातल्यात ताई! हिंमत आहे.

गोदाकाठ

ताई, नांदतात. गंगाखेडच्या बाजूला माझ्याकडं सहा वर्षांपासून आहेत, आज सतरा. कोंबड्या अजिबात आणू नका, हे पहिलं.

कोंबडा कोंबड्याशी भांडतो ते बहुतेक वेळा कोंबडीपायी, जागेपायी नाहीतर अनोळखी पाहुण्यापायी. कोंबडी नजरेआड आणि कानाआड असली तर त्यांचं अर्धं वैर संपतं. कानाआड हे मुद्दाम सांगतो. पलीकडच्या वाड्यात कोंबडी अंडं घालून कॉक-कॉक करायला लागली की इकडं माझे सतरा जण ताठ होतात. म्हणून मी त्यांचा वाडा घरामागं, गोठ्याच्या पलीकडं हलवला.

तुमचे आठ एकत्र वाढलेत, त्यांची उतरंड ठरलेली आहे. कोण आधी खाणार, कोण वरच्या दांडीवर बसणार, हे सगळ्यांना माहीत आहे. नवे तिघं आले म्हणजे ती उतरंड पुन्हा मांडायची. मांडू द्यावी, पण रक्त न सांडता. मी असं करतो: नव्याला दोन आठवडे जाळीआड ठेवायचं. एकमेकांना दिसतील, चोच मारता येणार नाही. दाणा जाळीच्या दोन्ही बाजूंनी जवळजवळ टाकायचा, म्हणजे शेजारी उभं राहून खायची सवय लागते. मग एके दिवशी अंधार पडल्यावर नव्याला उचलून दांडीवर सगळ्यांच्या मधे बसवायचं. अंधारात त्यांना जवळजवळ काही दिसत नाही, हलत नाहीत. सकाळी उठतात तेव्हा तो शेजारीच बसलेला असतो.

दुसरी गोष्ट, आडोसे. मोकळं मैदान असलं की हरलेल्याला पळून लपायला जागा नसते आणि जिंकलेला पाठलाग सोडत नाही. मी तुराट्यांचे कूड बांधून वाड्यात आडवे-उभे लावलेत, कमरेइतके उंच. नजर तुटली की भांडण तुटतं. हे माझं सहा वर्षांचं गणित आहे.

दाण्याची भांडी कोंबड्यांपेक्षा एक-दोन जास्तच ठेवा, लांब लांब. पाण्याचीही.

हिशोबी_पाटील

वाईट वाटून घेऊ नका, पण हे निसर्गाच्या विरुद्ध आहे. आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा, हे आजोबा-पणजोबांपासूनचं प्रमाण आहे. कोंबड्याला कोंबडीविना ठेवणं हेच त्याच्यावर अन्याय करणं नाही का? आमच्याकडं जास्तीचे कोंबडे आखाडात जातात, प्रश्न मिटतो.

मोसंबीच्या_सावलीत

पाटील, राग नाही. पण तुमच्याच प्रमाणानं मोजा. अकरा कोंबड्यांना शंभराच्या आसपास कोंबड्या लागतील. दोन-चार आणल्या तर त्या चौघींच्या पाठीची पिसं राहणार नाहीत, अकरा जण त्यांच्यावर तुटून पडतील. आणि खुडूक बसून पिल्लं निघाली की त्यातली निम्मी पुन्हा कोंबडेच. मग त्या निम्म्यांचं आखाडात काय होतं ते तुम्हीच लिहिलंत.

अन्याय म्हणाल तर मी रोज बघते. सरपंच सकाळी उकिरड्यावर उकरतो, किडा सापडला की कुक्-कुक्-कुक् असा आवाज काढून तो चोचीत उचलतो, खाली ठेवतो, पुन्हा उचलतो. कोंबडी नाहीच, तरी बोलावतो. हिरवा पळत येऊन तो किडा खातो आणि सरपंच बघत उभा राहतो. त्याच्या आयुष्यात काही कमी आहे असं मला तरी तेव्हा वाटत नाही.

गोदाकाठ

हे माझ्याकडंही होतं. त्यांच्यात जोड्या असतात. दोघं-तिघं कायम बरोबर फिरतात, दुपारी एकमेकांना टेकून धुळीत पडतात. आणि हो, कधी एक दुसऱ्यावर चढतो. घाबरू नका, तेही उतरंडीतच येतं. खालचा फारच छळला जात असला तर त्याला दोन दिवस बाजूला काढा.

पण एक धोका. आठ-दहा दिवस बाजूला काढलेला परत सोडला की तो अनोळखी ठरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून बाजूला काढायचं तेही जाळीआड, नजरेसमोर.

गुरांचे_डॉक्टर

वीस वर्षं परभणी आणि हिंगोली भागात जनावरं बघतोय, चार गोष्टी सांगतो.

बाजारातलं लेअरचं, म्हणजे अंड्याच्या कोंबड्यांचं, खाद्य देत असाल तर आजच बंद करा. अंड्याच्या कवचासाठी त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. कोंबड्याला अंडं घालायचं नसतं, त्याला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं मूत्रपिंडावर पडतं. वर्ष-दोन वर्षांनी कोंबडा सुकतो, सांधे सुजतात आणि मालकाला कळत नाही काय झालं. ग्रोअरचं, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं, खाद्य द्या. अर्धं खाद्य ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी असं घरचं चालेल, वर हिरवा पाला. एका कोंबड्याला दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम धरा. अकरांचं सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे महिन्याला चाळीस किलोपर्यंत.

तुऱ्याला रक्त आलं की तो पक्षी लगेच वेगळा करा. लाल रंग दिसला की बाकीचे तिथंच टोचतात, त्यात दुष्टपणा नसतो. जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा, वर जेन्शन व्हायोलेटचं जांभळं औषध लावा. जंतू मरतात आणि लाल रंग झाकला जातो. उन्हाळ्यात माशा बसून अळ्या पडतात, म्हणून रोज बघायचं.

पायाचा काटा लांब झाला असेल तर टोक कानसेनं बोथट करा. मुळापासून कापू नका. आत जिवंत गाभा असतो, रक्त थांबत नाही.

आणि लस. मानमोडी (राणीखेत) आली तर अकराच्या अकरा दोन दिवसांत जातील. लहानपणी त्यावरची लासोटा लस थेंबांनी किंवा पाण्यातून पाजली का माहीत नसेल, तरी मोठ्यांना त्याच रोगाची आर-टू-बी लस टोचून घ्या, पंखाखाली. अडचण अशी की कुपी शंभर-दोनशे मात्रांची येते आणि एकदा पातळ केली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. अकरांसाठी ती फोडायला कुणी तयार होत नाही. गावातल्या सगळ्यांच्या कोंबड्या एका सकाळी गोळा करा. तुमचं काम होईल आणि गावाचंही.

तांबडी_माती

डॉक्टरसाहेब, तळपायाला गाठ येते त्याचं काय? आमच्या गिरिराज जातीच्या कोंबड्याला आली होती, लंगडायचा.

गुरांचे_डॉक्टर

जड पक्षी उंच दांडीवरून फरशीवर उडी मारतो, तळव्याला चीर पडते, तिथून पू धरतो. दांडी गुडघ्याच्या वर नको, खाली भुसा किंवा मऊ माती हवी. दांडी बाभळीची असेल तर साल आणि काटे सगळे तासून घ्या. गाठ कडक झाली असेल तर घरी फोडू नका, दवाखान्यात न्या.

उदगिरी

रंगीत पिल्लांचं वाचून राहवलं नाही. मी आधी समजायचो की गुलाबी, हिरवं, निळं असली काही जातच असते. ती असतात अंड्याच्या कोंबड्यांच्या उबवणी केंद्रातली नर पिल्लं. पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळी करतात. नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखा वाढतही नाही, म्हणून त्याला किंमत नाही. त्यातली काही रंगात बुडवून खोक्यांतून गावोगाव जातात. पहिल्या आठवड्यात त्या जिवाला तेहतीस-पस्तीस अंशांची ऊब लागते आणि ती थंडीच्या दिवसांत उघड्या टोपलीत फिरवली जातात. दहा घेतली तर दोन जगतात.

माझ्या लेकीनं चार आणली होती. साठचा दिवा लावून, खोक्याला बारदान गुंडाळून रात्र काढली. एक जगलं. ती आता नववीत आहे आणि तो कोंबडा अजून आहे, पाच वर्षांचा. शाळेतून आली की तिच्या सायकलपुढं धावत येतो.

मोसंबीच्या_सावलीत

उदगिरी दादा, शाळेत मी आता दरवर्षी हे सांगते. पिल्लू घेऊ नका असं म्हटलं तर पोरं ऐकत नाहीत. मी त्यांना हिरव्याला दाखवते आणि सांगते, हा तोच. एका पोरीनं विचारलं, "बाई, मग बाकीचे कुठं गेले?" पाच जगले, बाकीचे नाही. मी तेवढंच सांगितलं.

जुनी_जाणती

बाई, तुमचं मन मोठं आहे, पण उताऱ्याला हात लावू नये असं आमच्या सासूबाई सांगायच्या. ज्याच्यावरून उतरवला त्याची पीडा उचलणाऱ्याला लागते म्हणतात. लेकराबाळांचं घर आहे, म्हणून काळजीनं सांगते.

मोसंबीच्या_सावलीत

काकू, तुमची काळजी कळते. माझ्या आईनंही हेच सांगितलं होतं. मी तिला घेऊन आले आणि सरपंचाच्या पायावरचा वळ दाखवला. ती खाली बसली, आपल्या हातानं खोबरेल लावलं आणि म्हणाली, ह्याच्यावर काय कमी पीडा झाली. आता ती आली की आधी त्याला भाकरी कुस्करून टाकते, मग घरात येते. तीन वर्षं झाली, आमच्या घरात सगळं ठीक आहे.

जुनी_जाणती

बरं केलंत आईंना दाखवलंत ते.

आकाशगंगा_लातूर

आरवण्याबद्दल. मी भौतिकशास्त्र शिकवतो, पण या विषयाचं वेड आहे. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की कोंबडा पहाटे उजेड बघूनच आरवतो असं नाही. त्याच्या आतच घड्याळ असतं. सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही पहाटेच्या सुमारालाच आरवत होते. २०१५ मध्ये त्याच गटानं पुढची गोष्ट मांडली: आधी आरवतो तो उतरंडीत सगळ्यात वरचा, बाकीचे त्याच्यामागून क्रमानं. त्याला बाजूला काढलं की दुसऱ्या क्रमांकाचा सुरुवात करतो.

म्हणून खुराडं काळोखं केलं तरी आरवणं थांबणार नाही. पण आवाज अडवता येतो. आजोबांच्या घराच्या बाजूची भिंत कडब्याच्या पेंढ्यांनी जाड करा, खिडकी उलट्या बाजूला काढा आणि सहापर्यंत बाहेर सोडू नका. माझ्या मावशीच्या इथं एवढ्यानं फरक पडला.

बांधावरचा

मग सरपंच खरंच सरपंच निघाला! आधी त्याचं भाषण, मग सदस्यांचं.

काळी_कसदार

आमच्याकडं झालं ते सांगते, कुणाचं तरी वाचेल. मागच्या मृगात आम्ही तुरीला बीजप्रक्रिया करून पोतं बांधावर ठेवलं. पोत्याला भोक होतं. मूठभर दाणे सांडले, गुलाबी रंगाचे. दोन कोंबड्यांनी आणि एका कोंबड्यानं टिपले. संध्याकाळपर्यंत मान टाकून पडले, पंख थरथरत होते. दवाखाना बंद. रात्रीत तिन्ही गेले. दोष दुसऱ्या कुणाचा नाही, पोतं मीच तिथं ठेवलं होतं. पेरणीच्या दिवसांत आणि कपाशीवर फवारणी झाली की आठ-दहा दिवस पक्षी कोंडूनच ठेवा, शेजाऱ्याच्या रानात फवारणी असली तरी.

गोदाकाठ

अगदी. आणि मुंगूस. मुंगूस दिवसा येतं. खुराड्याची जाळी जमिनीत वीतभर गाडा, नाहीतर खालून उकरतं. कुत्र्यानं एकदा चव घेतली की ते परत येतंच.

घारीची मला तेवढी भीती नाही, कारण कोंबडे स्वतः पहारा देतात. वरून काही आलं की एक लांब बारीक किंकाळी, आणि सगळे कुडाखाली. जमिनीवरून कुत्रं-मांजर आलं की वेगळाच आवाज, तुटक तुटक, कॅक-कॅक-कॅक, आणि मान उंच. आता मला घरात बसून आवाजावरून कळतं, दगड घेऊन पळायचं की नुसतं वर बघायचं.

रानवाट

मी कोंबडी खातो, लपवत नाही. तरीही हा धागा पहिल्यापासून वाचतोय. एक विचारायचं आहे. आमच्या रस्त्यावर ब्रॉयलरच्या गाडीतून एक पडला. पांढरा, बरगड्यांना मार लागलेला नव्हता, म्हणून घरी आणला. आता दीड महिना झाला, सारखा बसलेला असतो, चार पावलं चालला की धापा टाकतो. तो इतर कोंबड्यांत राहील का?

गुरांचे_डॉक्टर

ब्रॉयलर वाढतोच इतक्या वेगानं की पाय आणि काळीज मागं पडतात. त्याला दिवसभर दाणा पुढं ठेवू नका. मोजून दोन वेळा द्या, दाणा आणि पाणी लांब लांब ठेवा म्हणजे चालेल. दांडीवर चढवू नका, जमिनीवर कोरडा भुसा. चपळ गावरान कोंबड्यांत त्याला सोडाल तर तो पळू शकणार नाही. दोन शांत सोबती देऊन वेगळा ठेवा. आयुष्य कमीच असतं त्याचं, पण तेवढं तरी सुखात जाईल.

रानवाट

धन्यवाद डॉक्टर. घरच्यांनी त्याला कापायचं काढलं होतं, मी नाही म्हणालो. का म्हणालो ते मलाही नीट सांगता येत नाही. एक महिना त्याला हातानं पाणी पाजलं, त्यामुळं असेल.

परभणीकर

विषय थोडा वेगळा, पण महत्त्वाचा. बर्ड फ्लू विसरू नका. जानेवारी २०२१ मध्ये आमच्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि गावातल्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले, तोच रोग. आपला कोंबडा पाळीव, लाडका, हे सरकारी पथक बघत नाही आणि बघूही शकत नाही. म्हणून कावळे, बगळे, पोपट ज्या पाण्यावर येतात ते पाणी पाजू नका. दाणा छपराखाली टाका. एकाच दिवशी दोन-तीन पक्षी दगावले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, लपवू नका.

हिशोबी_पाटील

मी वरचं सगळं वाचलं. एक मान्य करतो, शंभर कोंबड्यांचा हिशोब मी केला नव्हता. पण ताई, महिन्याला चाळीस किलो दाणा, लस, जाळी. हा खर्च कशातून? उत्पन्न तर शून्य.

मोसंबीच्या_सावलीत

उत्पन्नासाठी ठेवलेच नाहीत पाटील. तरी सांगते. ज्वारी घरची आहे. बाजारात भाजीवाल्या मावशी पालक-मेथीच्या काड्या, खराब टोमॅटो माझ्यासाठी बाजूला ठेवतात. विष्ठा आणि भुसा खड्ड्यात कुजवून चार-सहा महिन्यांनी मोसंबीला घालते. ताजी घातली तर मुळं जळतात, हे पहिल्या वर्षी दोन झाडं पिवळी पडल्यावर शिकले. आता युरियाचं पोतं कमी लागतं. बाकीचं माझ्या पगारातून जातं. कुणी सोन्यावर घालतं, मी ह्यांच्यावर.

तांबडी_माती

उन्हाळ्याचं कुणी सांगितलंच नाही. आमच्याकडं मे महिन्यात पारा त्रेचाळीसला जातो. कोंबड्याच्या अंगाची उष्णता मुळातच एक्केचाळीस-बेचाळीस अंश असते आणि त्याला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय. म्हणून दुपारी दाणा देऊच नका, पचवताना अंग आणखी तापतं. पहाटे आणि दिवस मावळताना द्या. पाणी मातीच्या परळात, सावलीत, दुपारी दोनदा बदलायचं. त्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ. पत्र्यावर तुराट्या किंवा उसाचं पाचट टाका, बाजूला ओलं बारदान सोडा. कुणी मान टाकली तर बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, साध्या पाण्यानं पाय आणि तुरा ओला करून सावलीत ठेवा.

तुमची तर मोसंबीची बाग आहे, त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

मोसंबीच्या_सावलीत

दीड महिन्यानं लिहितेय. आधी काय केलं ते.

गोदाकाठ दादांनी सांगितल्याप्रमाणं मोसंबीच्या चार ओळींना जाळी मारली, दोन गुंठे जागा झाली. तुराट्यांचे सात कूड. नव्या तिघांना जाळीआड सोळा दिवस ठेवलं. पहिले पाच-सहा दिवस जाळीला धडका, मग कंटाळले. सोळाव्या रात्री मी आणि माझा मुलगा विजेरीवर लाल कापड बांधून गेलो, एकेकाला उचलून दांडीवर बसवलं. मुलाच्या हातात नव्या तिघांतला लंगडा होता. तो म्हणाला, "आई, ह्याचं काळीज केवढं धडधडतंय बघ." दोघंही श्वास रोखून उभे होतो. सकाळी सरपंचानं लंगड्याला दोनदा टोचलं, लंगडा मान खाली घालून कुडाआड गेला आणि संपलं. दुसरा नवा, तांबडा, त्यानं दोन दिवस झटापट केली. तिसऱ्या दिवशी हिरव्याच्या शेजारी धुळीत लोळत होता. राख, माती आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला मिसळून खड्डा केलाय, दुपारी तिथं गर्दी असते.

सगळं सुरळीत चाललंय असं वाटलं आणि मागच्या गुरुवारी शेजारच्या दोन तलंगा (कोवळ्या कोंबड्या) कुंपणाच्या फटीतून आत आल्या. मी शाळेत होते. आले तेव्हा तांबड्याचा डोळा सुजून बंद, सरपंचाचा तुरा फाटलेला, मोसंबीच्या खोडावर पिसं. पाच मिनिटांच्या त्या पाहुण्यांनी सोळा दिवसांची मेहनत घालवली. डोळा वाचला. दोघांना पुन्हा जाळीआड ठेवलंय, समोरासमोर. पाटील, कोंबड्या आणल्या की गप होतात का, ह्याचं उत्तर मला माझ्याच अंगणात मिळालं.

लसीचं काम मोठं झालं. पशुधन पर्यवेक्षक आले, गावातल्या बायका डालग्यांत कोंबड्या घेऊन आमच्या अंगणात. एकाच कुपीत शहाण्णव पक्षी टोचले. आणि तक्रार करणारे आजोबा? ते स्वतः त्यांच्या सात कोंबड्या घेऊन आले. कडब्याची भिंत घातल्यावर आवाज कमी झालाय म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "तसं पहाटे चारला मला जागच असते. सून-पोरगं शहरात. त्यो आरवला की वाटतं कुणीतरी उठलंय."

गोदाकाठ

तांबड्याला परत सोडताना सरपंचाला आधी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा. म्होरक्या जागचा हलला की बाकीचे पहिला अर्धा तास गोंधळलेले असतात, तेवढ्यात तांबडा रुळतो. आणि ती फट आजच बुजवा.

हिशोबी_पाटील

ताई, आमच्या वस्तीजवळच्या म्हसोबापाशी काल कुणीतरी एक सोडून गेलंय. काळा-तांबडा, उंच, लांब मानेचा. पोरं त्याला दुसऱ्याशी झुंजवायच्या बेतात होती, मी हाकललं. झुंज लावणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे हेही सांगितलं. आता घरी पाटीखाली झाकून ठेवलाय. तुमच्याकडं आणू का?

मोसंबीच्या_सावलीत

आणा. पण उंच, लांब मानेचा म्हणजे असील, झुंजीच्या जातीचा, असणार. त्याला ह्यांच्यात सोडता येणार नाही, तो थांबतच नाही. गोठ्याच्या बाजूला वेगळा वाडा करते, मधे आरपार न दिसणारा कूड. बुधवारी माझी शाळा अर्धी आहे. दिवस मावळल्यावर या, पाटीवर ओलं फडकं टाकून. पायाला दोरी असेल तर आत्ताच सोडा.

हिशोबी_पाटील

सोडली. दाणा काय देऊ तोवर?

मोसंबीच्या_सावलीत

ज्वारी, ओंजळभर. आणि आधी पाणी.